डाव्या अंगठ्याचा नकार

लाखसाहेबांच्या तोंडात शेवटी एकच शब्द उरला, आणि तो 'नाही' होता. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि सगळी भाषा वाहून गेल्यावर तळाशी हा एक खडा राहिला. पाणी हवं असलं तरी नाही, पाठ दुखली तरी नाही, दिवा लावा म्हणायचं असलं तरी नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादा शब्द मागे राहतो, त्याला अर्थ चिकटवू नका. जुन्या कचेरीतले दोघे भेटायला आले होते. बाहेर पडल्यावर जिन्यातच ते हसले. दुसरा कुठला राहणार होता, एक जण म्हणाला, यांनी जन्मात दुसरा वापरलाच कुठे.

परीक्षा विभागाच्या गोपनीय खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. प्रश्नपत्रिकांचं पाकीट बंद करायचं, दोरा गुंडाळायचा, गाठीवर वितळलेली लाख ओतायची आणि वर पितळी शिक्का दाबायचा. बोटांवर कायम लाल डाग, म्हणून लाखसाहेब. दारात कुणी आलं की त्याने तोंड उघडायच्या आत यांचा नकार तयार. आपल्या हातून एक पाकीट कधी फुटलं नाही की गहाळ झालं नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. इतका की घरातही ते त्याच तोऱ्यात वावरायचे. घरात होती फक्त बायको, आणि ती पाकीट नव्हती एवढाच तिचा दोष.

बायको शिवणकाम करायची. गिऱ्हाइकं तिला टेलरबाई म्हणत. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसतच नाहीत अशी माणसं तिच्याकडे यायची. कुणाची पाठ कमरेतून वाकलेली, कुणाचं एक स्तन ऑपरेशनात गेलेलं, कुणी चाकाच्या खुर्चीत बसलेलं, कुणाचा एक हात कोपरापाशी संपलेला. अशा एकेका अंगासाठी तीन-तीन, चार-चार वेळा कपडा घालून बघायचा, उसवायचा, पुन्हा टाचायचा, तेव्हा कुठे खाकी कागदावर त्याचं पेपर कटिंग, म्हणजे कपडा बेतायचा कागदी साचा, पक्कं व्हायचं. एकदा झालं की झालं. मग त्या माणसाने नुसता फोन करावा आणि कपडा न्यायला यावं. शिवणाच्या खोलीत भिंतीभर खिळ्यांना ही कटिंग टांगलेली असायची, प्रत्येकावर नाव आणि मापं लिहिलेली. टेलरबाईची सगळी कमाई ती भिंत होती. शिवता कुणालाही येतं, भिंत फक्त तिच्याकडे होती.

निवृत्त झाल्यावर लाखसाहेबांचं लक्ष त्या भिंतीकडे गेलं. आयुष्यभर गुपितं राखली आणि स्वतःच्या घरात बायकांच्या छातीची मापं खिळ्याला लटकतायत, हे त्यांना सहन होईना. बोलण्यात चूक काहीच नव्हती. त्यांच्या बोलण्यात कधी चूक नसायची, तीच तर खरी पंचाईत होती. त्यांनी मोठा स्कॅनर आणला आणि एकेक कटिंग उतरवून त्याचा फोटो क्लाउडवर चढवायला घेतलं. मग कागद फाडायचं यंत्र आणलं. गोपनीय खोलीत उरलेल्या प्रश्नपत्रिका नष्ट करताना एक साक्षीदार उभा लागायचा, आणि त्याने शेवटची पट्टी पडेपर्यंत जागा सोडायची नाही असा नियम होता. लाखसाहेबांनी बायकोला उभं केलं. ती मध्येच पाणी प्यायला जाते म्हणाली तर यंत्र थांबवून तिची वाट बघत बसले. भिंत संपेपर्यंत ती उभी राहिली, आणि खाली तिच्या गिऱ्हाइकांच्या पाठी, खांदे, बगला शेवयांसारख्या पडत राहिल्या. ती रडली नाही. रडली असती तरी यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नसतं.

क्लाउडची जागा त्यांनी अशीतशी निवडली नव्हती. कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्याने एक नेहमीचं नाव सुचवलं तेव्हा त्यांनी त्याला तासभर प्रश्न विचारून घामाघूम केलं. फोटो कोण बघू शकतो, तुमचा माणूस बघू शकतो का, बघू शकत नाही हे कशावरून? शेवटी त्यांना हवी तशी एक कंपनी सापडली. तिथे ठेवलेलं कंपनीलाच वाचता यायचं नाही, आणि वर्गणी थांबली, मुदत टळली, की सगळं कायमचं पुसलं जायचं, खूणसुद्धा मागे राहायची नाही. लोक हे कलम वाचून पळतात. लाखसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि समाधानाने मान डोलावली.

आता या जागेचा लांबलचक पासवर्ड ठेवायचा कुठे, म्हणून पासवर्ड मॅनेजर. घरातले सगळे पासवर्ड एका तिजोरीत आणि तिजोरीला एकच मुख्य पासवर्ड. तो निवडताना या गृहस्थाने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. एकेका कंपनीला फोन लावून ते रडवेल्या आवाजात सांगायचे, मुख्य पासवर्ड विसरलोय हो, म्हातारा माणूस आहे, बायको आजारी आहे, काहीतरी करा. जिथल्या मुलीने दया येऊन "थांबा, बघते" म्हटलं ती कंपनी बाद. अशा बऱ्याच बाद केल्यावर एका ठिकाणी एका माणसाने कोरड्या आवाजात सांगितलं, आम्ही काहीही करू शकत नाही, तुमचा पासवर्ड आम्हाला माहीतच नसतो. लाखसाहेबांचा चेहरा उजळला. आपल्यासारखाच कुणीतरी जगात आहे, या आनंदात त्यांनी त्याच दिवशी खातं उघडलं. अंगठ्याने तिजोरी उघडायची सोय होती ती बंद करून टाकली. झोपेत कुणीही आपला अंगठा लावेल, असं त्यांचं म्हणणं. घरात 'कुणीही' एकच होती.

तिजोरीत एक आणीबाणीचा माणूस नेमता यायचा. मालकाचं काही बरंवाईट झालं तर त्या माणसाने विनंती करायची. विनंती मालकाच्या फोनवर जाणार. मालकाने सात दिवसांत 'नाकारा' दाबलं नाही तर तिजोरी आपोआप उघडणार, आणि 'परवानगी द्या' दाबलं तर तिथल्या तिथे. लाखसाहेबांनी खूप विचार करून बायकोचं नाव घातलं आणि तिला समोर बसवून समजावलं, परवानगीच्या बटणाचं तेवढं सोडून.

"मी जिवंत असलो तर नाही म्हणेन. मेलो तर सात दिवसांनी उघडेल. यात गडबडीला जागाच नाही."

"आणि मला रोज लागणारं कटिंग?" तिने विचारलं.

"मागायचं. मी आहे ना."

तेव्हापासून ती मागत आली. अहो, त्या वाकड्या पाठीच्या बाईंचं काढून द्या. अहो, खुर्चीवाल्या मास्तरांचं द्या. मग हे लॅपटॉप फिरवून तिच्याकडे पाठ करायचे, पासवर्ड टाकायचे, कटिंगचे कागद छापून तिच्या हातात ठेवायचे आणि काम झाल्यावर मोजून परत घेऊन यंत्रात घालायचे. भांडण झालं की तिजोरी बंद. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं या कारणावरून एका नवरीचा कपडा लग्नाच्या दिवसापर्यंत बेतायचा राहिला. टेलरबाईने मूग गिळले. तिला मूग गिळायची सवय होती, पण प्रत्येक मूग तिच्या लक्षात होता.

आणि मग ते एक दिवस लॅपटॉपसमोरून खुर्चीसकट खाली पडले.

दवाखान्यातून आणल्यावर त्यांची खाट शिवणाच्या खोलीत टाकली, कारण न्हाणीघर तिथून जवळ. समोर गिऱ्हाइकांसाठीचा जमिनीपासून उंच आरसा, एका बाजूला मशीन, वर रिळांचा माळा. डोकं शाबूत होतं. ऐकलेलं कळायचं, वाचलेलंही सावकाश कळायचं, पण लिहायला गेलं की रेघोट्या उमटायच्या. मानेचासुद्धा नेम नव्हता, हो म्हणायला जावं तर आडवी हलायची. वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्यांनी चित्रांची कार्डं दिली, पाणी, संडास, दुखणं, हो, नाही, आणि सांगितलं की डाव्या हातात त्यांचा फोन राहू द्या, बोटांना चाळा हवा. फोन त्यांच्या डाव्या अंगठ्यानेच उघडायचा, दुसऱ्या कुणाला नाही. त्याचा आकडी पासवर्ड कुठे होता हे सांगायला नको.

टेलरबाई त्यांचं सगळं करायची. पुसायची, कूस बदलायची, चमच्याने भरवायची. चमचा दातांवर आपटायचा कधीकधी. बहुतेक मुद्दाम नसावा.

थोड्या दिवसांनी तिने विनंती धाडली. लाखसाहेबांच्या हातातला फोन थरथरला आणि त्यावर दोन बटणं आली. पहिल्यांदा त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. सात दिवस काही न करता पडून राहायचं होतं, आणि तेवढं त्यांना आता उत्तम जमत होतं. पण त्याच आठवड्यात ती मशीनवर बसून धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. बहिणीच्या गावातल्या एका वर्कशॉपला अशाच अवघड अंगांचे कपडे काढायचे होते. त्यांनी टेलरबाईला भागीदार म्हणून बोलावलं होतं, पण कटिंग घेऊन या म्हणाले होते, नुसते हात नकोत. खाटेवरचा माणूस बोलत नाही म्हणजे ऐकतही नाही असं लोक धरून चालतात, तसंच तीही चालली.

"एकदा कटिंग हातात आलं की यांना सेवागृहात ठेवते आणि मी तुझ्याकडे येते," ती म्हणाली. "केलं तेवढं पुष्कळ केलं."

लाखसाहेबांच्या अंगात जेवढं अंग उरलं होतं ते सगळं डाव्या अंगठ्यात उतरलं. त्यांनी 'नाकारा' दाबलं. छातीवर बसलेलं काहीतरी हललं, आणि कित्येक दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

तिच्या फोनवर नकार पोचला तेव्हा तिला वाटलं, कंपनीची चूक. तिने तिकडे फोन लावला. पलीकडे तसलाच एक कोरडा माणूस होता. मालकाने विनंती नाकारली आहे, एवढंच दिसतं, तो म्हणाला, याहून आम्हाला काही दिसत नाही.

"मालकाला तोंडावरची लाळ पुसता येत नाही हो," ती म्हणाली, आणि तिथे तिला रडू फुटलं. खरंखुरं रडू. पलीकडच्याने ते ऐकून घेतलं आणि आम्ही काहीही करू शकत नाही असं सांगितलं. खाटेवर लाखसाहेब प्रत्येक शब्द ऐकत होते. आपली निवड चुकली नाही, असं त्यांच्या मनात आलं. असा नीच आनंद माणसाला होऊ नये, पण त्यांना झाला.

तिने पुन्हा विनंती केली, त्यांनी पुन्हा नाकारली. याच सुमारास बहिणीच्या सल्ल्याने तिने बँकेत जाऊन नवऱ्याचं कार्ड बंद करून घेतलं. आजारी माणसाचं कार्ड उघडं ठेवू नये, बँकेतलीही माणसं हेच म्हणाली. शहाणपणाचंच काम होतं. फक्त क्लाउडची वर्गणी त्या कार्डावरून जायची, आणि हे दोघांपैकी ज्याला माहीत होतं त्याला सांगता येत नव्हतं.

वर्गणी जमा झाली नाही, असा पहिला निरोप लाखसाहेबांच्या फोनवर आला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला सारला. मुदत होती अजून. दुसरा आला, तोही सारला. पाकीट ताब्यात आहे, शिक्का शाबूत आहे, बाहेरून बायको आणि वर्गणीवाले दार वाजवतायत, यापलीकडे त्यांना काही वाटलं नाही. तिसऱ्यांदा तिने विनंती केली तेव्हा त्यांनी सवयीने 'नाकारा' दाबलं. या वेळी ती मशीनवर पाठमोरी बसली होती आणि समोर आरसा होता. आरशात तिला तो अंगठा दिसला. सावकाश वर आला, टेकला, आणि मग त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे हसू आलं तेही दिसलं. पुढच्याच क्षणी तिच्या फोनवर नकार वाजला. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, कपड्याची घडी घातली आणि जेवण वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा निरोप आला. सहा दिवसांत तुमचा सर्व साठा कायमचा पुसला जाईल. आमच्याकडे प्रत राहणार नाही.

लाखसाहेबांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. नाकारणं वेगळं आणि नष्ट होणं वेगळं. आपल्या ताब्यातला माल, साक्षीदाराशिवाय, वेळेआधी, आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होणार. त्यांच्या सगळ्या नोकरीत हे कधी झालं नव्हतं. आणि मग त्यांना कोण जाणे कुठून ती आठवली, यंत्राजवळ उभी, हात पोटाशी बांधून. बायकोचा विचार त्यांच्या मनात कामाच्या मागून आला हे खरं, पण आला. सेवागृह तर सेवागृह. आता तिची विनंती आली की 'परवानगी द्या' दाबायचं. त्यांनी फोन छातीवर घट्ट धरला आणि वाट बघत राहिले.

संध्याकाळी विनंती आली. फोन थरथरला, दोन बटणं दिसली, अंगठा उचलला, आणि तिने फोन हातातून काढून घेतला. खाटेच्या मागेच उभी होती ती. स्टुलावर चढून तिने तो रिळांच्या माळ्यावर चार्जरला लावून ठेवला, त्यांना दिसेल असा आणि हात पोचणार नाही असा.

"आता नाकारा," ती म्हणाली.

"नाही," लाखसाहेब म्हणाले. "नाही. नाही."

"ऐकलंय मी ते. खूप वर्षं ऐकलंय."

ते सहा दिवस कसे गेले ते त्यांनाच माहीत. डावा हात सारखा माळ्याकडे. ती आली की तिचा पदर धरायचा आणि वर दाखवायचं, आणि तोंडातून तोच एक शब्द. त्यांनी कार्डांतून 'हो' चं कार्ड शोधून काढलं आणि ते खाटेच्या दांडीवर आपटत राहिले. तिला वाटलं, लाडीगोडी लावून फोन मागतायत. तिने कार्डं उचलून खणात टाकली. वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याकडेही हा हात पसरून झाला. टेलरबाईने त्यांना अंगठ्याची सगळी हकिगत सांगितली. बाई खाटेकडे वळून लहान मुलाला बोलावं तसं म्हणाल्या, असं वागतात का? फोन नको द्यायला यांना, त्यांनी जाता जाता बजावलं.

फोन माळ्यावर अधूनमधून उजळायचा आणि विझायचा. सहाव्या दिवशी एकदा उजळला आणि बराच वेळ तसाच राहिला. लाखसाहेबांनी हात खाली घेतला. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. टेलरबाईला वाटलं, दमले अखेर.

सातव्या दिवशी तिजोरी उघडली. तिने आंघोळ केली, धुतलेली साडी नेसली आणि त्यांच्या खाटेशेजारी, त्यांना दिसेल असा लॅपटॉप घेऊन बसली. आज ती पाठ करून बसणार नव्हती. क्लाउडचा पासवर्ड सापडला, तिने एकेक अक्षर बघून टाकला, तो बरोबरही होता. आत काही नव्हतं. पांढरं पान, आणि त्यावर सभ्य भाषेत दोन ओळी. मुदत काल संपली. दिलेल्या शब्दाप्रमाणे सर्व काही पुसलं आहे आणि आम्ही काहीही ठेवलेलं नाही.

तिने तिकडे फोन केला, तिथेही कोरडंच कुणीतरी होतं. मग तिला तिजोरीत त्यांच्या फोनचा आकडी पासवर्ड दिसला. स्टुलावर चढून तिने फोन काढला, उघडला आणि निरोप वाचले. पहिला, दुसरा, सहा दिवसांवाला. त्यांच्या तारखा. त्यांच्याखाली, माळ्यावर राहिलेली तिची विनंती, तिची दोन बटणं. ती खाटेच्या कडेला बसली. एकदा तिने खणाकडे पाहिलं, कार्डं ठेवली होती त्या.

"तुम्ही हो म्हणणार होतात?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "या वेळी. द्या म्हणणार होतात?"

लाखसाहेबांनी सगळा जीव गोळा केला. ओठ गोल केले, श्वास भरून घेतला, आयुष्यात कधी न वापरलेल्या शब्दाला हात घातला. डोळ्यांतून पाणी आलं.

"नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या शब्दाला अर्थ चिकटवू नका. हे तिला पाठ होतं. खणातलं 'हो' चं कार्डही दोन हातांवर होतं. पण तिने तो शब्द घेतला, जसा आला तसा. आयुष्यभर घेतला होता, आता एकदाच न घेण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

"वाटलंच मला," ती म्हणाली.

सेवागृहात तिने दुपारीच फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की घेऊन या, फक्त सदरे पाठीमागून उघडणारे लागतील, अंगाखालून ओढता येतात. तयार मिळत नाहीत तसे. टेलरबाईने गळ्यात टेप अडकवली आणि त्यांना उशीला टेकवून बसवलं. उजवा खांदा डाव्याहून चांगला खाली आला होता, छाती एका बाजूला कलली होती. तिने खांदा मापला, पाठ मापली, लुळा हात उचलून बगल मापली आणि परत होता तसा मांडीवर ठेवला. मग जमिनीवर खाकी कागद पसरला, कटिंग बेतलं, वर त्यांचं नाव आणि मापं लिहिली आणि रिकाम्या भिंतीवरच्या पहिल्या खिळ्याला टांगलं.